पलीकडच्या किनाऱ्यावरचा धूर

२ सप्टेंबर
हिवाळाभर जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून जे योजले, ते आज प्रभुकृपेने फळास आले. निघताना वैमानिक लोर्ना हिने आम्हां दोघांना सामानासह मासळीच्या वजनकाट्यावर तोलले. माझ्या दिवंगत भगिनीचे यजमान एइनर तिला म्हणाले, "पाद्रीबुवांची पुण्याई धरलीस का गं यात?" ती उत्तरली, पुण्याई फुकट नेते, पुस्तकं तेवढी इथंच ठेवा.

जलविमान आम्हांला आणि होडीला या निनावी सरोवराकाठी सोडून गेले; नऊ तारखेला न्यायला येईल. या मोसमात तिने इकडे दुसऱ्या कुणालाही आणलेले नाही. जल आणि भूमी जणू आजच विभक्त झाली असावीत, अशी ही निर्मळता.

४ सप्टेंबर
समोरच्या किनाऱ्यावर सायंकाळी धूर दिसला. पाण्यापलीकडे धूर दिसला की कॉफी घेऊन जावे, हा आम्हां उत्तरेकडच्यांचा रिवाज; न जाणे हा उद्धटपणा. मी म्हटले, इथे कुणी असणे शक्य नाही. एइनर हसले, म्हणाले, मग अस्वल स्वयंपाक करत असेल, बघून तर येतो. आलुबुखाराच्या थरांचा केक आणि कॉफी घेऊन ते होडी वल्हवीत गेले.

५ सप्टेंबर
एइनर काल अंधारापूर्वी परतले. कोण होते, असे विचारता म्हणाले, आपल्यासारखेच. केक तसाच परत आणला होता. चर्चमध्ये माझी चुकलेली ओळ मोठ्याने दुरुस्त करणारे हे गृहस्थ आज भोजनापूर्वीच्या प्रार्थनेत मूक राहिले. मग उकळत्या कॉफीत बोटे बुडवून स्वस्थ बसले.

६ सप्टेंबर
सकाळी धुक्यातून पलीकडून हाक आली. आवाज एइनर यांचा. "अहो पाद्रीबुवा, माझी होडी कुणी नेली हो? न्यायला या."

एइनर माझ्या शेजारी लाकूड तासत होते. म्हणाले, प्रतिध्वनी आहे. पण ते तर काहीच बोलले नव्हते.

होडीकडे धावलो. तिचा तळ फोडलेला होता.

७ सप्टेंबर
हाका चालूच आहेत. थट्टा पुरे झाली म्हणतात, थंडी वाजते म्हणतात. उत्तर द्यायला तोंड उघडले, तर शेजारच्याने त्यावर हात ठेवला. हात तळ्याच्या तळासारखा गार. पाणी बर्फाळ, पोहून जाणे अशक्य. विमान यावे, एवढेच मागणे.

८ सप्टेंबर
आज हाक नाही. पलीकडे एइनर हसत आहेत. कुणाला तरी म्हणाले, "आलात एकदाचे, किती वाट पाहायला लावलीत." हायसे वाटले — त्यांना सोबत मिळाली.

मग तो दुसरा प्रार्थना म्हणू लागला. स्वर माझा —

९ सप्टेंबर
विमान आले. पलीकडे उतरले. ओरडलो, सदरा काढून हलवला. एइनर चढले — त्यांच्यामागून माझ्याच चालीने तो — लोर्नाने दोघांना मोजून दार लावले. आमच्याकडे पाहून तिने हात हलवला. अनोळखी शेजाऱ्यांना हलवतात तसा.

आता आकाश रिकामे आहे. शेजारचा मला हाक मारतो आहे — आईने पाळण्यात ठेवलेल्या नावाने — ते नाव जिवंत कुणालाच ठाऊक नाही — ओ द्यायची नाही, प्रभो, मला ओ देऊ दे —