बर्फाखालची भरती

अण्णा, तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली की आता तुम्हाला घाबरायचं कारण उरलेलं नाही. तरी बंगळुरात बसून हे लिहिताना पदर सावरून बसलेय. आपला धाकटा परदेशी मोहिमेबरोबर दक्षिण ध्रुवाकडे गेलाय, हवामानाच्या नोंदी घ्यायला. तुम्ही त्याला विहिरीवरसुद्धा एकटं सोडत नव्हतात.

त्याच मोहिमेसाठी आमच्या संस्थेत भरती-ओहोटीचं गणित चालतं. तिथे समुद्रावर कित्येक मैल बर्फ तरंगतो, पाण्याबरोबर वरखाली होतो. जिथे तो जमिनीला टेकतो तिथे भेग पडते. ओहोटीला रुंदावते, भरतीला मिटत येते. माणसं ती भरतीच्या वेळी ओलांडणार, आणि वेळ काढणार मी. नकाशावर चौकोन आखायचे, एकातलं पाणी शेजारच्यात ढकलायचं, दिवसभर गणकयंत्राचं हँडल फिरवायचं. आईच्या जात्यासारखंच, फक्त पीठ पडत नाही.

आज सकाळी हँडल फिरवताना आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी तुमच्या पंचांगासाठी ग्रहणाची वेळ काढून ऐटीत तुमच्यापुढे उभी आहे. श्लोक पाठ, त्रैराशिक चोख. तुम्ही ताकभात कालवता कालवता विचारता, "सूर्य कुठल्या गावचा धरलास, बाई?" मी उज्जयिनीचा धरलेला असतो, देशांतराचा संस्कार, म्हणजे आपल्या गावापुरती वेळेची दुरुस्ती, राहूनच गेलेला. "मग ग्रहण बघायला तिकडेच जा," म्हणता, आणि पुन्हा भात कालवता.

तिथेच मी हँडल थांबवलं. भरतीची वेळ मी उघड्या समुद्राची धरली होती. बर्फाखाली पाण्याला तळ अडवतो, वरून बर्फाचं छत अडवतं. भरती उशिरा पोचणार. मी मोहिमेला आधीच कळवलेल्या वेळेला भेग उघडीच असणार.

आमचे साहेब धारवाडचे. म्हणाले, "अक्का, फरक पडला तर स्वल्प पडेल. तिथं कोण घड्याळ लावून बसलंय?"

"माझा धाकटा."

साहेब उठले. बाह्या सरसावून दुसऱ्या यंत्रावर बसले. दुपारी नवी वेळ निघाली आणि ती मोहिमेला बिनतारीने कळवायला मी तारघर गाठलं. कारकुनाने मजकूर वाचला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"घरच्या माणसासाठी आहे का अक्का?"

"भावासाठी."

"मग राहुकाळ संपू दे. बसा जरा."

तुम्ही पंचांगात राहुकाळ दरवर्षी छापायचात आणि त्याला आळशांची सोय म्हणायचात. आपल्या घरात तो कुणी पाळला नाही. धाकट्याकडून अजून काही कळलेलं नाही. हे तुमच्यापर्यंत पोचवता येत नाही तेच बरं, कारण तार हातात घेऊन मी त्या बाकावर बसले, अण्णा. राहुकाळ संपेपर्यंत बसून राहिले.