मामांची गाडी आणि डोंगर चढणारी नदी

तीर्थस्वरूप मामी,

शिरसाष्टांग नमस्कार, आणि तुमच्या डाव्या गुडघ्याला वेगळा. मामांची दुपारची झोप पूर्वीसारखीच गाढ असेल असं धरून चालते. मी खुशाल आहे, नोकरीचं मात्र सांगता येत नाही. साहेब मला कायम करणार की घरी पाठवणार हे सोमवारी ठरेल, आणि या सगळ्याच्या मुळाशी तुमच्या दारातली गाडी आहे.

आमचं काम तसं सोपं. उपग्रह वरून सपाट फोटो काढतो. आमच्या संगणकात डोंगरदऱ्यांचा उंचसखल नमुना असतो. फोटो त्यावर बसवायचा, उशीला अभ्रा घालतो तसा, कोपऱ्याला कोपरा जुळवून. त्यासाठी जुन्या-नव्या फोटोंत जागची न हललेली खूण लागते. बाकीचे लोक पूल धरतात, चौक धरतात. मी म्हटलं, मामांच्या गाडीहून अचल वस्तू या पृथ्वीवर कुठली? (हिरवी गाडी, टपावर लाल ठिगळ. मी शाळेत होते तेव्हापासून एकाच जागी रुसून बसलीय.) नव्या फोटोत ठिगळ दिसलं, आजूबाजूला न बघता त्यावर टिचकी मारली आणि चहाला गेले.

परत येते तो सगळं खोरं सरकलेलं. नदी डोंगर चढत होती, तीही धाप न लागता. शाळा तळ्यात, पोस्ट कड्यावर लटकलेलं, आणि साहेबांचं नवंकोरं घर गच्चीसकट धरणाच्या पाण्यात. साहेब मागेच उभे होते. "आम्ही आता राहायचं कुठे?" एवढंच त्यांनी विचारलं. मला हसू आवरेना (हा रोग आईकडचा, मामांनाही आहे).

मामांना फोन केला. ते म्हणाले, "ती गाडी जागची हलली तर मिशी काढून ठेवीन." म्हणून फोटो मोठा करून पाहिला. गाडी नदीकाठी होती, अगदी सफाईने लावलेली. वेळ भर दुपारची.

तुमची,
हसरी भाची

ता. क. मामांना मी काहीही सांगितलेलं नाही. त्यांची मिशी तुमच्या हातात आहे. क्लच दाबताना गुडघा दुखत नाही ना?

आणखी एक ता. क. पत्र खरं तर यासाठीच. साहेबांना दुसरी खूण हवी होती. दोन्ही फोटो ताडून पाहिले. अंगणातल्या आरामखुर्चीत, पांढऱ्या सदऱ्यात मामा. दोन्हीकडे तसूभर फरक नाही. त्यांना धरून फोटो बसवला, नदी मुकाट खाली उतरली आणि साहेबांचं घर कोरडं झालं. सोमवारी दुपारी उपग्रह पुन्हा येतोय, साहेब त्यावरून माझं काम तपासणार आहेत. तेव्हा गाडी खुशाल समुद्रापर्यंत न्या, फक्त मामांना उठवू नका.