शंका कुणाची होती

प्रिय बाबा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्ही नाहीतच. तरी पत्र लिहिते आहे. आज दुपारी पोस्टमन आला आणि मौनी महाराजांचं कार्ड देऊन गेला. उद्या सकाळी मारुतीच्या पारावर सारं गाव जमणार, आणि कार्ड मी वाचून दाखवायचं, असं डोमाजीकाकांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. शाळा सुटली, पोरं घरी गेली. मी वर्गातच बसले आहे. उद्या पारावर चढण्याआधी तुमच्याशी बोलून घ्यायचं आहे.

कार्डात काय आहे म्हणाल? निवडणूक आली आहे, दुसऱ्यांदा. मूल गावचा एक गिरणीवाला शेठ उभा आहे आणि त्याच्या पेटीवर शिडीचं चित्र आहे. महाराजांचा आदेश असा, की भक्तांनी आपली चिठ्ठी शिडीच्या पेटीतच टाकावी, कारण शिडी स्वर्गाला लागलेली आहे. धान कांडणाऱ्या माणसाला स्वर्गाची वाट कधी सापडली, हे काही लिहिलेलं नाही! खाली शेवटची ओळ मात्र जुनीच आहे. ‘ज्याच्या मनात शंका येईल, त्याच्यामुळे साऱ्या गावाचा घात होईल.’

ती ओळ वाचली आणि मला रखमाकाकू दिसली. तुम्हालाही तीच दिसली असती, हो ना?

बाबा, मला शाळेत घातलंत तेव्हा गाव तुम्हाला हसलं होतं. आई होती तेव्हा. चौथीनंतर सिंदेवाहीला मावशीकडे ठेवलंत, सातवी होईपर्यंत. दर पंधरा दिवसांनी डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन चालत यायचात आणि मावशीच्या ओट्यावर बसून म्हणायचात, काहीही वाचून दाखव. मी भूगोल वाचायची. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात, मध्येच मान डोलवायचात. समुद्राचे वारे आणि जमिनीचे वारे यांत मान डोलवण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

मग आई तापानं गेली. घरात माणसं यायची आणि जो तो काहीतरी सांगायचा. कुणी म्हणे प्रारब्ध, कुणी म्हणे दुसरं लग्न कर. वैनगंगेच्या काठचे महाराज तेवढे काही बोलले नाहीत. बोलणार कसे, मौनच होतं त्यांचं. अर्धा दिवस तुमचा हात हातात धरून बसले आणि उठून गेले. मी दारातून पाहत होते. त्या दिवशी तुम्ही आई गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवलात. म्हणून मी तुमच्या श्रद्धेला कधी हसले नाही, आजही हसत नाही. महाराजांच्या नावाची गावातली पहिली माळ तुमच्या गळ्यात पडली ती अशी. पुढे डोमाजीकाका आले, त्यांच्यामागे सारं गाव आलं.

महाराज बोलत नसत, त्यांचा शिष्य कार्डं लिहून पाठवी. वाचता येणारी आणि कायम गावात असणारी एकच, मी. तेव्हा शाळेवर मी नव्हते, मास्तर होते, आणि ते आठवड्यातून दोनच दिवस येत. म्हणजे आपल्या गावापुरता महाराजांचा आवाज माझाच होता. मी पारावर चढले की म्हातारी माणसं हात जोडत. पंधरा वर्षांची पोर मी! खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. वाचण्याआधी मी मुद्दाम जरा थांबायची. सगळे श्वास धरून बसत आणि तुम्ही सर्वांत पुढे, ऊर भरून.

पहिली निवडणूक आठवते? तेव्हा कार्ड आलं नव्हतं. तुम्ही आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून मत द्यायला गेलात. आत चार पेट्या मांडलेल्या. चारही पेट्यांवर अक्षता वाहिल्यात, चारही पेट्यांना नमस्कार केलात, आणि चिठ्ठी तशीच कनवटीला लावून घरी आणलीत, प्रसाद म्हणून! मी हसून हसून लोळले. तुम्हीही हसलात. त्या हसणाऱ्या बाबांची मला फार आठवण येते.

आणि मग ते रोवणीचं साल.

आषाढात कार्ड आलं. महाराज अनुष्ठानाला बसत आहेत, पुढचा आदेश येईपर्यंत कुणी धानाची रोवणी करू नये, आदेशानंतर जो रोवेल त्याच्या बांधीत दुप्पट धान होईल. मी वाचलं. नेहमीसारखी थांबून, सावकाश वाचलं.

पाऊस त्या वर्षी असा झाला की मागून मिळणार नाही. बोडी काठोकाठ भरली, धानाच्या बांध्यांतून पाणी वाहू लागलं. पऱ्ह्यांची रोपं हातभर झाली. शेजारच्या गावात बाया गाणी म्हणत रोवत होत्या, ती गाणी आपल्या शेताच्या धुऱ्यावर ऐकू यायची. आणि आपलं गाव बसून! धान करणाऱ्या माणसाला हे काय सांगायला हवं होतं? पऱ्ह्याचं वय निघून गेलं की त्याला कांडी धरते, मग तो रोवून उपयोग नाही. हे मला तुम्हीच शिकवलं होतं, मी सात वर्षांची असताना, गुडघाभर चिखलात उभं करून. आणि तुम्हीच रोज सकाळी काठी घेऊन धुऱ्यावर उभे राहत होतात, कुणी चोरून रोवू नये म्हणून. एकानं मोडलं तर सगळ्यांचं मोडेल, असं सांगत होतात.

नागपंचमीच्या आसपास रखमाकाकू माझ्याकडे आली. नवरा नाही, पदरात एक पोरगी, आणि सारं जगणं एका बांधीवर. मी विहिरीवर होते. माझ्या हातातला दोर धरून ती हळूच म्हणाली, “कौशे, तुयाजवळ जुने कार्डं हायेत ना? एखादं धर हातात आन वाच, का आदेश आला म्हणून. महाराज कुठी बोलून राह्यले? तूच तं बोलून राह्यली.”

मी घाबरले. पण त्याहून जास्त, मला ते पटलं. एक खोटं वाक्य आणि सारं गाव चिखलात उतरलं असतं. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला विचारलं. रखमाकाकूचं नावही सांगितलं, तुमच्यापासून मी कधी काही लपवलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, “जे लिवलं नाई ते वाचाचं नाई. याच्यासाठी शाळेत घातलं काय मी तुले?”

बाबा, तुमचं बरोबर होतं. आणि पऱ्हे पिवळे पडत होते. या दोन्ही गोष्टी मी आजवर एका जागी बसवू शकलेले नाही. तेव्हा मी खोटं वाचलं असतं तर पुढचं कार्डही लोकांनी तसंच मान खाली घालून ऐकलं असतं, फक्त आदेश माझा असता. एवढं आता कळतं. पण खोटं न वाचता एक खरं बोलता आलं असतं, ते मला का सुचलं नाही? ‘पऱ्ह्याला कांडी धरली, चला रोवा’ एवढंच! ते सांगायला कार्ड कशाला हवं होतं? तुम्हाला तरी का नाही सुचलं?

पोळ्याच्या तोंडावर कार्ड आलं. ‘तुमच्या गावात कुणाच्या तरी मनात शंका आली, त्यामुळे अनुष्ठान भंगलं, त्याला शोधा.’ मी वाचलं. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. डोमाजीकाका म्हणाले, ज्याला माहीत असेल त्यानं बोलावं. मला वाटलं, तुम्ही गप्प बसाल. पण तुम्ही उठलात.

“रखमी आली होती,” तुम्ही म्हणालात. “खोटं कार्ड वाच म्हणे माह्या पोरीले.”

तिच्याकडे पाहिलंही नाहीत तुम्ही. ती पोरीला कवटाळून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी हातातल्या कार्डाकडे. मी बोलले असते तर? नाव तर मीच तुम्हाला सांगितलं होतं. पण मी गप्प राहिले. महाराजांचा आवाज होते ना मी, स्वतःचा कुठे होता!

तिच्या दारी कुणी जाईना, विहिरीवर तिला कुणी बादली सोडू देईना. अनुष्ठानच भंगल्यावर बंदी उरली नाही; पोळा झाल्यावर लोकांनी घाईघाईनं रोवलं, पण दिवाळीला हाती दाणा नाही, तणीसच आली. त्या तणशीचा दोषही तिलाच. ती पोरीला घेऊन घुग्घुसला गेली, कोळशाच्या खाणीवर टोपली उचलायला. जाताना आपल्या घरावरून गेली. तुम्ही ओट्यावर होतात, उठून आत गेलात.

त्यानंतर तुम्ही बदललात, ते फक्त मला दिसत होतं. पारावर जायचात, पण पुढे बसत नव्हतात. मला कधी काही वाचायला सांगितलं नाहीत. मग दम्यानं धरलं. गेल्या हिवाळ्यात अंगणात खाट टाकून ऊन खात पडला होतात. मी पेज घेऊन आले तर वाटी बाजूला सारून म्हणालात, “कौशे, रखमीच्या मनात शंका नव्हती. तिले भूक होती. शंका माह्याच मनात आली होती. रोज पऱ्हे पाहू पाहू आली. मंग मी भेलो.”

मी तुम्हाला पेज भरवली. चार दिवसांनी तुम्ही गेलात, आणि गावानं तुम्हाला गळ्यातल्या माळेसकट नेलं.

मला तुमचा राग आला होता, बाबा. ती भेटली असती, पाया पडता आलं असतं, गावाला सांगता आलं असतं. तेवढं करायचं सोडून मला सांगून मोकळे झालात! ओझं खाली ठेवायला तुम्हाला माझंच डोकं दिसलं?

आता ऐका. पाराशेजारी तुमच्या नावाचा दगड बसवला आहे, त्याला शेंदूरही लागतो. तुमच्यासारखा भक्त झाला नाही, असं लेकरांना सांगतात. आज डोमाजीकाका शाळेत आले होते. मी म्हटलं, मत कुणाला द्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. ते दुखावले. “तुहा बाप अस्ता तं पयलं मत त्यानंच शिडीत टाकलं अस्तं,” म्हणाले. खरं उत्तर एकच होतं, आणि ते दिलं तर दगडावरचा शेंदूर उतरतो.

आणखी एक सांगते. या वेळचं कार्ड छापील आहे. ‘मौजे’ या शब्दापुढे जागा कोरी सोडलेली आणि तिथे शाईनं आपल्या गावाचं नाव भरलेलं. शंकेची ओळसुद्धा छापील! म्हणजे ज्या ज्या गावात हे कार्ड गेलं, त्या त्या गावात एक रखमा शोधायची सोय करून ठेवली आहे. हे पाहिलं आणि माझं ठरलं.

मी उद्या पारावर जाईन. कार्ड मी वाचणार नाही, डोमाजीकाकांच्या हातात देईन. गेल्या वर्षापासून मी मोठ्यांचा वर्ग घेते, त्यात तेही येतात. त्यांना आता अक्षराला अक्षर लावून वाचता येतं. त्यांनी स्वतः वाचावं, मग शेजारच्यानं वाचावं, आणि ती कोरी जागा सगळ्यांनी बोट लावून पाहावी. शिडीला मत द्यायचं तर द्यावं, पण घात कुणाच्या शंकेनं होत नाही हे ऐकून मग द्यावं.

रखमाकाकूलाही घुग्घुसच्या पत्त्यावर पत्र टाकलं आहे. माफी मागितली आहे, तुमची आणि माझी. ती येईल की नाही, ठाऊक नाही. न आली तर उन्हाळ्याच्या सुट्टीत मीच जाईन.

तुमच्या नावाला उद्या धक्का लागेल, बाबा. मी तुमची परवानगी मागत नाही. पण गावाला वचन द्यायच्या आधी तुम्हाला देते, की मी एक शब्द वाढवणार नाही आणि एक शब्द गाळणार नाही, माझा गप्पपणासुद्धा नाही. मी मध्ये मुद्दाम थांबणारही नाही.

जे लिहिलं नाही ते वाचायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं ना? म्हणून हे सगळं लिहून काढलं. उद्या पारावर मी हेच पत्र वाचणार आहे.

तुमचीच,
कौशी