नुपूरने सांगितलेला मध

अल हिलाल, दोहा
१२ सप्टेंबर २०२२

ती. हेमलता वन्संस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलले की हे कान देऊन बसतात, म्हणून मेलवरच लिहिते. तुमच्या भावाचं काही ठीक नाही. वर्ल्ड कप तोंडावर आलाय, साइटवर धूळ आणि आरडाओरडा, घसा कायम बसलेला. काल जिना चढताना पाय लुळे पडले. बीपी भलतंच वाढलंय, रक्तातलं पोटॅशियम पार खाली. डॉक्टरांना मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठीचा संशय आहे. ह्यांचं एकच पालुपद, स्टेडियम उरकलं की खलास, मग बघू. मला धडकी भरलीये.

डॉक्टरांनी काढेबिढे घेता का विचारलं, तर ज्येष्ठमधाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना. आपल्या नुपूरने चटकन 'हनी' सांगून टाकलं! डॉक्टर म्हणाले, चालेल. लेकीच्या मराठीला हसावं की रडावं? घशासाठी ज्येष्ठमधाचा थर्मासभर काढा रोज चालूच आहे.

तुमचा लोभ हाच इथे आधार.
सरोज


नाशिक, १३ सप्टेंबर

चि. सौ. सरोज हिस अनेक आशीर्वाद.

हसू नकोस. आधी तो थर्मास मोरीत ओत. लागवडीच्या ज्येष्ठमधात काय काय असतं हे शोधण्यात माझी अर्धी हयात प्रयोगशाळेत गेली. त्याची गोडी ग्लिसिरायझिनची. चिमूटभर घशाला बरं, पण रोज थर्मासभर घेतलं की अंगात मीठ साठतं, बीपी चढतं आणि पोटॅशियम वाहून जातं. ते फार उतरलं तर हृदय बंद पडू शकतं. आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीत जा आणि 'लिकोरिस' हा शब्द सांग. गुरू कुरकुरला तर म्हणावं, ताई भयंकर चिडलीये.

घाईतही माया तेवढीच,
हेमलता


अल हिलाल, १९ सप्टेंबर

ती. वन्संस सा. न.

तुमचं पत्र वाचलं आणि ह्यांना तसंच गाडीत घातलं. हृदयाचे ठोके चुकायला लागले होते. तो शब्द ऐकताच डॉक्टर खुर्चीतून उठले. सलाईनमधून पोटॅशियम दिलं, आज घरी सोडलं. गाठीचा संशयही आता मागे पडलाय.

पण नुपूर जेवत नाही. 'माझ्या एका शब्दाने बाबा गेले असते' असं म्हणून रडते. माझं तिला पटत नाही. तुम्हीच लिहा.

तुमच्या मायेची,
सरोज


नाशिक, २० सप्टेंबर

चि. नुपूरला गोड पापा.

हे आईकडून वाचून घे. अगं, ज्याच्या नावातच मध आहे त्याला तू मध म्हणालीस, त्यात तुझं काय चुकलं? आणि तुझी ती गंमत सांगायची होती म्हणून आईने पत्रात ज्येष्ठमधाचं नाव काढलं. तू गप्प बसली असतीस, तर मला काढ्याचं कळलंच नसतं आणि मीही इथे गाठीचीच काळजी करत राहिले असते.

बाबा तुझ्या शब्दामुळे वाचला. आता जेवायला बस.

तुझीच,
आत्या