अनंताने लिहून दिलेलं भाषण

बऱ्हाणपूर,
रविवार, ता. ९ मार्च १९५८

चि. अनंतास,

आशीर्वाद. तुझं पत्र आणि बर्फात उभा असलेला फोटो पोचला. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचे गुडघे थंडीभर दुखत होते, आता ऊन तापायला लागलं तसे मोकळे झालेत. होळी झाली. धूलकोटचा लोटूमामा कापूस घालून परत जाताना केळ्यांची फणी ठेवून गेला. "भाचा कधी येते?" म्हणून विचारत होता.

शाळेवरची मराठी पाटी काढून हिंदी लावली. नागपूरचं राज्य जाऊन भोपाळचं आलं त्याला दीड वर्ष होत आलं, पण पाटी बदलल्यावर ते डोळ्यांना दिसलं. सातवीचा भूगोल मी आता हिंदीतून शिकवते. मुली हसतात, मीही हसते. तापीला 'ताप्ती' म्हणायचं जिभेला अजून जमत नाही.

तुझ्याबरोबर तिकडे परदेशात एकाच नोकरीत होते ते गजाननराव गेल्या महिन्यात येऊन गेले. नेपानगरच्या कागद कारखान्यात लागलेत, लगदा तपासतात. येताना मावा जिलबी घेऊन आले. माणूस सज्जन वाटला. आता दर रविवारी येतात, आईशी गप्पा मारतात. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

तू विचारलं आहेस की मुली अजून पहाटे आकाश बघतात का. नाही बघत. ऑक्टोबरात रशियाचा बनावट चंद्र सुटला तेव्हा मीच त्यांना राजघाटावर घेऊन गेले होते, हे तुला लिहिलं होतं. अर्धं गाव घाटावर उभं होतं. तो ठिपका पुलाकडून निघाला आणि असा सरळ गेला की मुलींनी टाळ्या वाजवल्या. सगळे वर बघत होते आणि मोतीलालभाऊ एकटे पाठ करून नदीकडे बघत उभे होते. तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं.

मोतीलालभाऊ म्हणजे चौकातले जरीचे दुकानदार. तुला दुकान आठवत असेल, माणूस नसेल आठवत; तू शाळेत होतास तेव्हा ते रंगूनला होते. तिकडे भावाबरोबर कापडाचं दुकान होतं. लढाईत जपानची विमानं पहिल्यांदा आली, तेव्हा लोक पळाले नाहीत, रस्त्यावर येऊन बघत राहिले. मोतीलालभाऊंची बायको मनकर्णा लहानग्या पोरीला कडेवर घेऊन विमानं दाखवायला बाहेर गेली. हे आत गठ्ठा सोडत होते. म्हणून हे राहिले.

त्यांनीच नोव्हेंबरच्या सुरुवातीला वाचनालयाच्या सभेत ठराव आणला होता. आकाश कुणाच्याही फौजेचं नाही, तिथं कुणी हत्यार नेऊ नये, असं आपल्या सरकारनं जगाच्या सभेत बोलावं, इतकाच. लोकांना गंमत वाटली. "चंद्रावर तोफ ठेवणार काय?" असं कुणी तरी म्हणालं. वाचनालयवाल्यांनी मग डिसेंबरात त्याचा रीतसर वादच ठेवला आणि विरुद्ध बाजूनं बोलायला मला सांगितलं, कारण माझा भाऊ तिकडे त्याच रॉकेटच्या कामात आहे हे सगळ्या गावाला माहीत.

हे सगळं तुला ठाऊक आहे. तरी लिहिते आहे, कारण मला ते क्रमानं लिहायचं आहे.

मी तुला विचारलं होतं. आठवतं? नोव्हेंबरात मुद्दाम पत्र घातलं की, अनंता, बोलायला उभी राहण्याआधी मला खरं सांग. तुमच्या कामाचा हत्याराशी संबंध असेल तर मी मोतीलालभाऊंच्या बाजूनं बोलेन, नाही तर बोलणारच नाही. तू उत्तर धाडलंस: "अक्का, आम्ही वर थर्मामीटर पाठवतो, दुसरं काही नाही. निर्धास्त उभी राहा." आणि सोबत पानंच्या पानं भाषण लिहून दिलंस. भीतीपोटी माणसानं शोध थांबवले असते तर तो चूल पेटवायलाही शिकला नसता, हे वाक्य तुझंच. मी ते रात्र रात्र बसून हिंदीत केलं, कारण अध्यक्ष खंडव्याहून आलेले साहेब होते आणि त्यांना मराठी येत नव्हती.

सभेत मोतीलालभाऊ थोडंच बोलले. रंगूनचं सांगितलं. "पहिल्यांदा ते बघायलाच चांगलं दिसतं, भाऊ. चांदीसारखं दिसतं," म्हणाले. मग मी उठले आणि तुझं भाषण केलं. शेवटी माझ्या मनचं एक घातलं. म्हटलं, "तिथं माझ्या पाठचा भाऊ काम करतो. त्याला मी लहानाचा मोठा केलाय. त्यानं मला शब्द दिलाय की त्याच्या हातून हत्यार होणार नाही. माझा त्याच्यावर विश्वास आहे, तुम्ही माझ्यावर ठेवा."

हात वर करायची वेळ आलीच नाही. मोतीलालभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "बहनजींच्या भावाचा शब्द आहे, मग मला काही म्हणायचं नाही. ठराव मी वापस घेतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मी तुला ते सगळं कळवलं. किती आनंदानं कळवलं होतं, रे.

आता गजाननरावांचं.

ते आले त्या दिवशी आई आत पोहे करत होती. मी सहज म्हटलं, तिकडचं चांगलं काम सोडून आपण लगदा तपासायला कसे आलात? ते म्हणाले, "ते काम मला झेपलं नाही, अक्का. अनंता घट्ट आहे, त्याला झेपतं."

मी म्हटलं, "थर्मामीटर वर पाठवायला घट्टपणा कशाला लागतो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी थट्टा करते आहे असं त्यांना आधी वाटलं असावं. मग त्यांचा चेहरा उतरला. "त्यानं तुम्हाला काहीच सांगितलं नाही?" म्हणाले.

मग मी काढूनच घेतलं. तुम्ही दोघं एकाच टेबलाला होतात. वर काय जातं ते तुमचं काम नव्हतंच. वरून खाली काय येतं ते तुमचं काम. आकाशातून एवढ्या वेगानं खाली येणारी वस्तू हवेला घासून जळून जाते. ती जळू नये, शाबूत खाली पोचावी, म्हणून तिचं टोक कसं करायचं त्याचं गणित. मी विचारलं, टोकाच्या आत काय असतं? त्यांनी आत आईकडे बघून आवाज खाली केला. मग म्हणाले, "बॉम्ब, अक्का. एका शहरापुरता एक."

त्यांना हे काय काम आहे ते आधी सांगितलं नव्हतं, कळल्यावर त्यांनी सोडलं. तुला सुरुवातीपासून माहीत होतं. त्यांनी सोडल्यावर त्यांची जागाही तूच घेतलीस. हेही त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं.

तरीसुद्धा, अनंता, इथवर मी स्वतःची समजूत घालत होते. तिथले कायदे कडक असतील, सांगता येत नसेल. मी गजाननरावांना म्हटलंही तसं. तेव्हा ते खाली मान घालून म्हणाले की माझं डिसेंबरचं पत्र तू टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवलंस. इंग्रजी करून. त्याच आठवड्यात गजाननराव नोकरी सोडून उठले. 'थर्मामीटर' आला तेव्हा सगळे पोट धरून हसले, आणि तूही हसलास. मोतीलालभाऊंनी ठराव मागे घेतला ते ऐकून कुणी तरी तुझ्या पाठीवर थाप मारली.

तुला गप्प बसता आलं असतं. "अक्का, मला हे विचारू नकोस," एवढी एक ओळ लिहिली असतीस तर मी सगळं समजले असते, आणि माझी तुझ्यावरची माया तसूभर कमी झाली नसती. तू ओळ लिहिली नाहीस. तू भाषण लिहिलंस.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मोतीलालभाऊंच्या दुकानात गेले. ते जरीची रिळं लावत होते. मी उभ्यानंच सांगितलं, की माझ्या भावानं दिलेला शब्द खोटा होता, त्याचं कामच हत्याराचं आहे. मला वाटलं रागावतील, निदान मला ठाऊक होतं असं तरी म्हणतील.

ते म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं, बहनजी. मी तर खरं मानलं होतं. त्या सभेनंतर घरी जाऊन मी झोपलो. रंगूननंतर अशी झोप मला लागली नव्हती. सकाळी सुनेनं हलवून उठवलं." आणि थोड्या वेळानं, "तुम्ही सांगायला नको होतं. पण आता सांगितलंत, बसा. पाणी घ्या."

मी पाणी घेतलं. ते रिळं लावत राहिले. तुझ्यावर मला खरा राग आला तो तिथं, त्या दुकानात. माझं हसं केलंस ते मी गिळलं असतं. या माणसाची झोप माझ्या तोंडून देववलीस आणि माझ्याच तोंडून परत घ्यायला लावलीस.

मी म्हटलं, "ठराव पुन्हा आणा."

ते म्हणाले, "मी एकदा मागे घेतला, मी नाही आणणार. तुम्ही आणा."

म्हणून मागच्या रविवारी पुन्हा सभा झाली. आमच्या मुख्याध्यापिका सुलभाबाईंनी मला आदल्या दिवशी बोलावून समजावलं. "विमलताई, नगरपालिका मे महिन्यात तुमच्या भावाचा सत्कार करणार आहे. शहराचा मान आहे तो. ठराव मांडा, पण घरातलं कशाला बोलता?" मी म्हटलं, मागच्या वेळी मी घरातलंच बोलले होते, त्यावरच तर ठराव मागे घेतला गेला.

या वेळी मराठीत बोलले. भाषांतर करण्यासारखं काही नव्हतं. सांगितलं की माझ्या भावानं मला फसवलं आणि मी तुम्हाला फसवलं. तुझं नाव घेतलं. गजाननराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, बाई बोलतात ते खरं आहे, मी तिथं होतो. सभेत गडबड झाली. एक तरुण मास्तर म्हणाला, "रशियावाले तेच करतात, ते यांना चालतं. मग आपल्या गावचा माणूस करतो तर काय बिघडलं?" दुसरा म्हणाला, "भावाची नोकरी घालवता का?" त्या मास्तराला मी म्हटलं, "रशियानं केलं तरी मला चालत नाही. ठरावात कुणाच्याही फौजेचं असं लिहिलंय, नीट वाचा." ठराव मंजूर झाला. सगळे काही माझ्या बाजूचे नव्हते, पुष्कळ जण उठून गेले. तो दिल्लीला धाडला आहे. दिल्लीत तो कुणी वाचेल की नाही, देव जाणे. तुझा सत्कार आता होणार नाही.

एक गोष्ट मी पहिल्या ओळीपासून टाळते आहे.

आई सभेला होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं. गजाननरावांनाही बोलू नका म्हटलं होतं. वाटलं होतं, सभा होऊ दे, मग शांतपणे सांगेन. पण शेजारच्या धुरपदाबाईनं तिला सांगितलं की विमल पुन्हा अनंतावर बोलणार आहे. मागच्या वेळी थंडीमुळे तिला येता आलं नव्हतं, याची तिला हळहळ होती. तू धाडलेल्या पैशातलं दिवाळीचं लुगडं नेसून ती बायकांत अगदी पुढं येऊन बसली. मी बोलायला सुरुवात केल्यावर मला ती दिसली. हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघत होती.

मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही. बोलता बोलता तिचा चेहरा कसा होत गेला ते मी बघितलं आहे, आणि ते तुला लिहिणार नाही.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "चार मानसांत त्याचं नाव घालवलं तू." तिचं बोलणं अजून गावाकडचं, खकनारचंच आहे, तुला माहीतच आहे. मग होळीच्या दिवशीसुद्धा माझ्याशी बोलली नाही. पुरण शिजवलं, वाढलं, आणि आपलं ताट घेऊन आत गेली. मला वाटलं आता हे असंच राहणार.

काल दुपारी मी पेपर तपासत होते. ती येऊन समोर बसली. म्हणाली, "इमल, ते जळू नये असं करते ना तो, मंग ते खाली पडते कोनाच्या घरावर?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"त्याले तरी माहीत आहे का?"

मी म्हटलं, त्यालाही कुणी सांगत नसेल.

"मंग त्याले लिही," म्हणाली. "म्हना, माय इचारते. कोनाचं घर आहे ते इचारून घे म्हना आधी. अन् मंग ये घरी."

म्हणून हे पत्र. मी आपणहून लिहिलं नसतं.

मे महिन्यात तू येणार असं कळवलं आहेस. घर तुझं आहे, आई तुझी आहे, अवश्य ये. मी शाळेच्या मुलींना घेऊन खंडव्याला परीक्षेच्या कामाला जाणार आहे, ते काम मी मागून घेतलं आहे. माझी वाट बघू नकोस.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याआधी धाड. तिला वाचता येत नाही. इतकी वर्षं तुझी पत्रं मीच तिला वाचून दाखवली, आणि न चुकता प्रत्येक शब्द खरा मानून दाखवली. यापुढे ते माझ्याकडून होणार नाही. गजाननराव रविवारी येतातच, ते वाचतील असं त्यांनी कबूल केलं आहे. तेव्हा जे लिहिशील ते त्यांच्या तोंडून आईला ऐकू येणार आहे, एवढं ध्यानात ठेवून लिही.

आईचे आशीर्वाद तिनं सांगितले आहेत, ते पोचवते.

विमल