दोन नंबरची खुर्ची

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच. खाली वाकलो तर वर यायला मला खुर्चीसारखं बटण नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? नात आता रांगत असेल. लेकीला आणि जावयांना आशीर्वाद सांग. तिथली हवा मानवली असं तू लिहिलंस. वाचून आनंद झाला आणि थोडा रागही आला.

इकडे आपला दातांचा दवाखाना ठीक चालला आहे. तुझी दोन नंबरची खुर्ची अजून रिकामीच आहे. तिच्याबद्दल एक विचारायचं आहे, पण आधी कॉम्प्रेसरचं सांगतो.

हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीच्या तळाशी साचतं आणि ते रोज संध्याकाळी खालची तोटी उघडून सोडायचं असतं. इतकी वर्षं ते मीच सोडत होतो. मात्र तू पर्स खांद्याला लावून दारातून ‘पाणी सोडलंस का रे?’ असं विचारल्यावर. तू गेलीस, विचारणारं कोणी उरलं नाही आणि तोटीकडे माझा हातच जाईना. मग परवा शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या (त्याच, दाताने दोरा तोडतात आणि दाढ दुखली की आपण भरलेल्या सिमेंटला नावं ठेवतात). दाढ कोरली, आता हवेने कोरडी करून भरायची, तर हवेऐवजी पाण्याची चिळकांडी. पुन्हा कोरडी केली, पुन्हा चिळकांडी. बाई उघड्या तोंडाने काहीतरी म्हणाल्या. ते कळलं नाही हे बरंच झालं. कशीबशी तात्पुरती भरून त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं, आणि संध्याकाळी आठवणीने तोटी उघडली. गंजाचं तांबूस पाणी बराच वेळ गळत राहिलं. मी खूष होऊन घरी गेलो.

सकाळी कॉम्प्रेसर सुरू केला, तर तो नुसताच धापा टाकतोय. दाबाचा काटा जागचा हलेना. हवेवर फिरणारा, दात कोरायचा एअरोटर दातावर टेकवला की फिरायचाच थांबे. मला वाटलं, तेल कमी पडलं. मी तेल घातलं. फिरेना म्हणून आणखी घातलं. (जास्तीचं तेल आधी फडक्यात उडवून टाकायचं, हे तू सांगितलेलं मला नंतर आठवलं. शिवणवाल्या बाईंना लगेच आठवलं असावं. ‘डॉक्टर, दाढ कोरताय की तळताय?’) मग मी थुंकी ओढणाऱ्या सक्शनची जाळी धुतली, जिचा या सगळ्याशी काहीही संबंध नव्हता. नळ्या बदलल्या. अवजारं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हचंही झाकण उघडून आत पाहिलं. माणूस घाबरला की सगळी झाकणं उघडून पाहतो.

शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने हत्यारांची पेटीसुद्धा उघडली नाही. खाली बसला आणि दोन बोटांनी तोटी बंद केली. काटा चढायला लागला.

‘संध्याकाळी ही कोण उघडतं?’

‘मी.’

‘मग सकाळी बंद कोण करतं?’

ताई, दवाखाना तू उघडायचीस. मी येईपर्यंत काटा वर चढलेला असायचा. उघडलेली तोटी कोणीतरी बंदही करत असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. आपल्या मदतनीस बाई (ज्यांना आपण पाठीमागे फौजदार म्हणतो) तिथेच उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता तोटी मीच उघडतो आणि मीच बंद करतो. शिवाय तुझ्या खुर्चीचंही बघतो. नळ्यांत पाणी शिळं राहू नये म्हणून सकाळी तिचं पाणी वाहतं करतो. तुझ्या एअरोटरला तेल देतो, बेताचं. ऑटोक्लेव्हमध्ये माझ्या अवजारांबरोबर तुझीही लावतो, जी कोणाच्या तोंडात गेलेलीच नसतात. काल फौजदार म्हणाल्या, ‘एक नंबरवर पेशंट आ करून बसलाय, आणि तुम्ही तिकडे कुणाचे दात बघताय?’ मी म्हटलं, देखभाल. त्या म्हणाल्या, ‘बरं.’ त्यांचं ‘बरं’ तुला माहीत आहे.

प्रकृतीला जप. उत्तर सवडीने दे, घाई नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. घाई आहे. एक नवी डॉक्टर मुलगी दोन नंबरची खुर्ची मागते आहे. हुशार आहे, हात हलका आहे. तिला काय सांगू? ‘देऊन टाक’ असं म्हणायचं असेल तर पत्राने कळव. ‘देऊ नकोस’ म्हणायचं असेल तर इथे येऊन सांग.

ता. क. २. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. ती मुलगी आज खुर्ची पाहायला आली होती. तिने बटण दाबलं आणि खुर्ची सवयीने तुझ्या उंचीला येऊन थांबली. मुलगी चांगली उंच आहे. कमरेत वाकून म्हणाली, ‘सर, ही एवढी खाली का थांबते?’ दुरुस्तीवाल्याने मला दाखवलं आहे, बटण जरा दाबून धरलं की नवी उंची लागते. मी तिला सांगितलं, बिघाड आहे, आणि तो दुरुस्त होण्यासारखा नाही.