हाओ मावशीची पेज

थोंगचौ, पाचवा महिना, शुद्ध पंचमी

पोचलो एकदाचा! सणाचा दिवस, कालव्यावर नावांच्या शर्यती, आणि नवे मालक क्वांगशेठ स्वतः वखारीच्या दारात. चहाचा व्यापारी, पण पाहुण्याच्या कपात पानं मोजून टाकतो. घरात शेठ, त्यांची विधवा सून निंगश्यांग आणि स्वयंपाकाला हाओ मावशी. मावशी गोऱ्यांच्या देवाला भजते, चुलीपाशी मात्र पक्की इथली. राळ्याच्या पेजेसाठी वाडगा पुन्हा पुढे केला, तर म्हणाली, दिवाणजी, पोटाला बूड आहे की नाही?

वद्य पंचमी

गावात मुष्टिवाले शिरलेत, मुठी परजत फिरणारे बंडखोर. घोषणा एकच: गोरे हाकला, त्यांचा धर्म घेतलेले कापा. मंत्र म्हटला की गोळी लागत नाही म्हणे. परवापर्यंत हीच पोरं आमच्या गोणी उचलत होती, तेव्हा मंत्रानं पाठ दुखायची थांबत नव्हती. आपण त्यांच्याच बाजूचे दिसावं म्हणून शेठनी दाराला त्यांचं लाल कापड बांधलं.

वखारीतून परतलो तर विहिरीवर फळी. मुष्टिवाले दारात आले आणि शेठनी मावशीला स्वतःच आत ढकललं. घर वाचलं, म्हणाले. मग चहा मागितला.

वद्य षष्ठी

सकाळी चूल पेटलेली, पेज तयार. निंगश्यांग म्हणते, मी केली नाही. मग काय तुझ्या आजेसासूनं केली, असं खेकसून शेठनी ओरपली.

चव तीच.

सातवा महिना, शुद्ध दशमी

रोज पेज. शेठ आता आधी मला चाखायला लावतात. परदेशी फौजा थ्येनचिन शहर जिंकून इकडे निघाल्यात. मुष्टिवाले पांगले. मंत्र विसरले असावेत.

वद्य द्वितीया

तोफा ऐकू येतात. आज शेठच्या वाडग्यात जेवायच्या काड्या उभ्या रोवलेल्या—मेलेल्याला वाढतात तशा. शेठनी त्या उपटून सुनेच्या वाडग्यात खोचल्या. गोऱ्यांच्या हाती लागण्यापेक्षा विहीर बरी, अब्रू राहील, मावशीही तेच सांगतेय, म्हणाले. निंगश्यांग एवढंच म्हणाली, मामंजी, वाडगा तुमचा होता.

वद्य तृतीया

फौज वेशीत. शेठ निंगश्यांगला केसांना धरून विहिरीकडे—मी धावलो—फळी आतून उचलली गेली. ओला हात. मनगटापर्यंत पीठ.

शेठ विहिरीत गेले. ती वाचली.

संध्याकाळ

शिपाई वखार फोडतायत. तिला मागच्या भिंतीवरून ज्वारीच्या शेतात उतरवलं. पळतेय. मला उडी जमली नाही, पाय—

दाराला पेट्या लावल्यात. धक्के बसतायत.

स्वयंपाकघरात कुणी नाही. चूल पेटली. वाडगा एकच, माझा.

मावशी, काड्या आडव्या ठेव गं, मी तर तुझी पेज नेहमी—